खीमीचं नाक

खीमीला गावात कुणी देखणी म्हटलं नाही, शहाणीही म्हटलं नाही, आणि गोड बोलणारी तर तिला तिच्या सख्ख्या आईनेही म्हटलं नसतं. पण पणीधारमध्ये कुणाचं काही नासलं, हरवलं किंवा कुणी लपवलं, की माणसं आधी तिच्या दारात जायची. तुपाच्या डब्याचं झाकण उघडायच्या आत ती सांगायची, "गाईचं नाही हे. आणि ज्याने दिलं त्याने हात धुतले नव्हते." चोळलेल्या भांगेची काळी गोळी कुणी तिच्या नाकासमोर धरली, तर शेत कुणाचं, ओढ्याच्या कुठल्या अंगाचं आणि चोळणारा त्या वेळी विडी ओढत होता की नाही, हेही ती सांगे. असं नाक असलेली बाई शेजारी असणं फारसं सुखाचं नसतं.

तिचं काम पुले वळण्याचं. देवाच्या अंगणात चामडं चालत नाही, म्हणून गूर, म्हणजे ज्याच्या अंगात देव येतो तो, वाजंत्री, देवाचा पालखीसारखा रथ खांद्यावर घेणारे, सगळ्यांच्या पायात भांगेच्या सुताचे जोडे असतात, आणि पंचेचाळीस वर्षं ते सगळे जोडे खीमीच्या हातचे होते. खालची शहरी माणसं भांग म्हटलं की डोळे मिचकावतात. आमच्याकडे भांग म्हणजे आधी दोरी, मग जोडे, मग सिड्डूत, म्हणजे वाफवलेल्या भाकरीत, भरायचं भाजलेलं बी, आणि एवढं करून काही उरलं तर नशा. खीमी स्वतः तंबाखूसुद्धा ओढत नसे. नाक खराब होतं म्हणायची.

हे नाक तिला एकदा फार भोवलं होतं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि तिची थोरली बहीण सौजी सतरा. सौजीचं लग्न ठरलेलं होतं. माघाचे दिवस, बाहेर कमरेएवढा बर्फ. चुलीपुढे सौजी केस विंचरत बसली होती, घरात पाहुणे होते, आणि खीमी आपली हुशारी दाखवायला म्हणाली, "दीदीच्या केसांना फुलांचा वास येतोय."

माघात आमच्याकडे फूल नसतं. तेव्हा हा वास कुणाचा, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक होतं. वरच्या शिखरांवर जोगणी राहतात. त्या कुणाला मारत नाहीत. त्यांना एखादी आवडते, आणि आवडली की आधी तिला वास यायला लागतो. म्हातारे जमले. त्यांनी नऊ वर्षांच्या पोरीला तीनदा विचारलं आणि तिने तिन्ही वेळा, मान ताठ करून, हो म्हटलं. जोगणी जिच्या मागे येते तिला गावात ठेवलं तर ती सगळं गाव धुंडाळते, असं आमच्यात मानतात. म्हणून सौजीला ओढ्यापल्याड मेंढपाळांच्या रिकाम्या झोपडीत नेऊन ठेवलं. अकराव्या दिवशी भाकरी घेऊन गेलेल्या माणसाला दार आतून लावलेलं दिसलं. ते तोडलं तर आत सौजीचा अंगावर घ्यायचा लोकरी पट्टू नीट घडी घालून ठेवलेला होता, आणि बर्फावर भाकरी आणणाऱ्याच्या पावलांखेरीज एक पाऊल नव्हतं. खीमी त्यानंतर वस्तूंचा वास सांगायची, माणसांचा कधीच नाही. नवऱ्याच्या अंगाला शेवटचं दुखणं लागलं तेव्हा तिला ते महिनाभर आधी कळलं होतं, पण ती गप्पच बसली.

नवरा गेला, एक मुलगा राहिला, तुलेराम. त्याची बायको रेशमू खालच्या गावची, कशालाही हसणारी. सासू-सुनेचं असं गूळपीठ होतं की तुलेराम घरात पाहुण्यासारखा वागायचा. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर रेशमूला दिवस गेले. फाल्गुनात ती बाळंत व्हायची होती, आणि खीमीने त्यासाठी बकरीच्या केसांची दोन मऊ घोंगडी विणून ठेवली होती. त्या वर्षीचा माघ लागला तो असा.

माघात आमचा देऊ, म्हणजे गावचा देव, गावात नसतो. संक्रांतीला तो स्वर्गात जातो आणि तिथे इतर देवांशी भांडून आमचं वर्षभराचं पाऊसपाणी ठरवून आणतो. तो निघाला की देवळातली जमीन चाळलेल्या मातीने लिंपतात आणि दार बंद करतात. मग बेचाळीस दिवस गावात आवाज नाही. रेडिओ नाही, कुऱ्हाड नाही, विळा नाही, जमिनीला फावडं लावायचं नाही. गाईगुरांच्या घंटांत लोकर कोंबतात. माणसं कुजबुजत बोलतात, भांडणंसुद्धा कुजबुजत होतात, आणि नवख्याला वाटतं की इथे घरोघर कुणी मेलंय. बेचाळिसाव्या दिवशी लिंपण उचलतात. त्यातून दाणा निघाला तर पीक, फूल निघालं तर लग्नं, कोळसा निघाला तर आग.

मौनाच्या नवव्या दिवशी शेजारची फुल्मा विस्तव मागायला आली. ती आमच्या कारदाराची, म्हणजे देवळाचा कारभार बघणाऱ्या खूबरामची बायको. उंबऱ्यातच थांबून ती कुजबुजली, "चाची, आंबे पिकत घातलेत का गं?"

"माघात आंबे? तुझं डोकं पिकलंय," खीमी म्हणाली.

पण तिला स्वतःला तो वास पाच दिवसांपासून येत होता. आणि मग सगळ्यांनाच यायला लागला. गंमत अशी, की प्रत्येकाचं फळ वेगळं. फुल्माला आंबा, मास्तरांना संत्र्याची साल, कुणाला स्ट्रॉबेरी. गूर झाबेरामच्या आंधळ्या आईने तर अननस म्हटलं, जो तिने जन्मात खाल्ला नव्हता. खीमीला जर्दाळूचा यायचा, पावसात भिजून झाडाखाली पडलेल्या जर्दाळूचा, गोड आणि थोडा आंबूस. सगळीकडे पांढरं, छपराला हातभर बर्फाच्या सुया लोंबतायत, एक शब्द कुठे नाही, आणि त्या थंडीत भर दुपारी पिकलेल्या फळाचा दरवळ. माणसं दारं लावून घ्यायला लागली.

वास सगळ्यांत जास्त रेशमूच्या अंगाला येत होता. तिच्या डोक्याला बांधायच्या धाठूला, लोकरीला, वेणीला. ती पाण्यावर गेली की बाकीच्या बायका घडे अर्धेच भरून निघायच्या. रेशमू हसून म्हणाली, "अम्मा, मी आता बाजारात उभी राहिले तर लोक मला किलोवर विकत घेतील." खीमीने तिच्याकडे पाहिलं नाही.

विसाव्या दिवशी खूबराम आला. चांगला माणूस, म्हणूनच त्याला मान वर करवेना. "चाची, मी काही वाईट चिंतत नाही. देऊ परत येऊ दे. पण तोवर वास गेला नाही, तर बहूला ओढ्यापल्याड जावं लागेल. तू तर जाणतेस."

"तिला तेव्हा नववा पुरा होत असेल."

"म्हणून तर म्हणतोय, वास जाऊ दे," तो म्हणाला आणि विस्तवाकडे बघत बसला. वास जाऊ दे म्हणे, जसा काही तो खीमीने माजघरात बांधून ठेवला होता.

तो गेल्यावर खीमी गोठ्यात उतरली. आमची घरं अशी की खाली गुरं, बाजूला सफरचंदांच्या पेट्यांची खोली, वर माणसं. गाय गव्हाणीकडे पाठ करून उभी होती, पेट्यांच्या खोलीच्या भिंतीला तोंड लावून. चार दिवसांपासून ती तशीच उभी असायची आणि दूध निम्म्यावर आलं होतं. खीमी तिच्याशेजारी तशीच उभी राहिली. गावात इतकी शांतता नसती तर तिला ते ऐकूच आलं नसतं. भिंतीपलीकडे काहीतरी घुमत होतं, न थांबता, एकाच सुरात. खीमी घाबरली की चिडते. तिने तुलेरामच्या कोटातून किल्ली काढली आणि दार उघडलं.

आत जेठ महिन्याचं ऊन होतं. छताला गुलाबी दिवे, कोपऱ्यात फिरणारा पंखा, भिंतींना चकचकीत कागद, आणि पेट्यांच्या जागी डब्यांत बारा झाडं. भांग. पण ही कसली भांग? जन्मभर तिने डोक्याच्या वर जाणारी, सडसडीत, सोटासारखी झाडं सोलली होती. ही गुडघ्याएवढी आणि गुबगुबीत. पानं पंजाएवढी रुंद, टोकांना जांभळी पडलेली. कणसं मक्याच्या दाण्यांसारखी गच्च भरलेली, केशरी केसांची, वर साखर भुरभुरल्यासारखा चीक. तिने एक फांदी वाकवली तर ती काडकन मोडली, आत सुताचा एक धागा नाही. कणीस उकललं तर बी नाही. आणि वास. वर जर्दाळू, त्याखाली लिंबाची साल, त्याखाली काहीतरी दुधट, आणि सगळ्यांच्या तळाशी, अगदी खोल, तिच्या ओळखीची भांग. गावातल्या एकाही नाकाला तो तळ लागला नव्हता.

"अम्मा," तुलेराम मागे येऊन उभा होता. "हात लावू नकोस. हात लावला की चीक सुटतो."

"हे कुठून आणलंस?"

"खाली हॉटेलात एका गोऱ्याने बी दिलं."

भांगेचं बी, आणि तेही आमच्या गावात बाहेरून. खारवट पाण्याच्या काठी राहणाऱ्याला कुणी मीठ भेट द्यावं तसं. तो मात्र बोलत सुटला, कुजबुजत, डोळे लकाकत. ह्याची आई डोंगरातली, बाप कुठल्या तरी गरम देशातला. आठ आठवड्यांत तयार, ऊन नको, ऋतू नको. आधी डोकं हलकं होतं, हसू येतं, मग अंग जड होऊन माणूस असेल तिथे बसून राहतो. सगळी झाडं माद्याच, नर निघतच नाही. "आणि वास बघ ना, फळाचा. कुणी हुंगलं तरी कळत नाही भांग आहे म्हणून."

"नाही कळत ना, तेच रडणं आहे. गाव म्हणतं जोगणी आली. तुझ्या बायकोला ओढ्यापल्याड घालवतील."

"जोगणी! अम्मा, कुठल्या काळात राहतात ही माणसं?"

"तू नको मानू. तिला घालवणार आहेत ते मानतात. उद्या जाऊन सांग, वास माझ्या झाडांचा आहे."

"मौनात घरात पीक वाढवलं म्हणून देऊ मला गावाबाहेर काढेल. तीन आठवडे राहिलेत फक्त."

"तुझ्या बायकोचेही पाचच राहिलेत."

 तुलेराम वाईट नव्हता, पण त्याला वाटायचं की शेवटच्या घडीला कुणीतरी काहीतरी करेल, आणि ते करणारी आई असेल. ह्या हिशेबाने वागणाऱ्या मुलग्यांनी आमची खोरी भरलेली आहेत.

अठ्ठाविसाव्या दिवशी तो खाली गेला तेव्हा खीमीने विळा काढला. मौनात विळा.  प्रत्येक बुंधा तुटताना असा आवाज व्हायचा की वाटायचं अख्खं खोरं कान देऊन ऐकतंय. गाय तेवढ्यात भिंतीकडून वळली आणि तिने गव्हाणीत तोंड घातलं. खीमीने बाराही झाडं किल्ट्याच्या टोपलीत भरली, पाठीवर घेतली आणि भर दुपारी घळीत लोटून दिली. पुढेमागे विचारलंच तर दाखवायला म्हणून एक कणीस तेवढं धान्याच्या कणगीत ठेवलं. तुलेराम संध्याकाळी परत आला, रिकामी खोली पाहिली आणि मायलेकांचं असं कडाक्याचं भांडण झालं की वरच्या मजल्यावर रेशमूची झोपही मोडली नाही.

दोन दिवस गावात वास नव्हता. फुल्मा विस्तवाला आली आणि चांगली घटकाभर बसली.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. खीमी रेशमूला ओसरीत घेऊन बसली आणि तिच्या केसांना तेल लावायला लागली. वेणी सोडली आणि तिचे हात थांबले. जर्दाळू. तिला आधी वाटलं, आपल्याच हाताचा चीक. तिने राखेने हात घासले, कोमट पाण्याने धुतले, पुन्हा आली, पुन्हा हुंगलं. मग तिने तळ शोधला. जर्दाळूखाली लिंबाची साल नव्हती. दुधट नव्हतं. भांग नव्हती. त्याखाली फक्त थंडी होती, खूप वरच्या, कधीच न वितळणाऱ्या बर्फाची, आणि ती तिने आयुष्यात एकदाच हुंगली होती.

"काय झालं, अम्मा?" रेशमूने मान वळवली.

"काही नाही. तेल संपलं."

त्या दुपारी गोठ्यात उतरली तर गाय पुन्हा वळलेली होती. आता तिचं तोंड भिंतीकडे नव्हतं, वर माणसांत जाणाऱ्या शिडीकडे होतं.

पुढचे अकरा दिवस खीमीने कसे काढले ते तिचं तिला माहीत. खोटी आशा म्हणून ती रोज सकाळी सुनेची चादर हुंगायची. गावालाही पुन्हा वास यायला लागला होता, आणि ह्या वेळी सगळ्यांचं फळ एकच होतं. आंधळी म्हातारीसुद्धा म्हणाली, जर्दाळू.

बेचाळिसाव्या दिवशी सकाळी देवळाचं दार उघडलं. सगळं गाव अंगणात, पायात खीमीच्या हातचे पुले. खूबरामने लिंपणाची कड उचलली, बोटाने माती फोडली, आणि तो तसाच ओणवा राहिला. दाणा नव्हता, फूल नव्हतं. एक केस निघाला, हातभर लांब, काळा. ढोल वाजायला हवे होते पण वाजंत्री बघत राहिले. झाबेरामच्या अंगात देऊ आला. तो थरथरत म्हणाला, "बाई मागतायत वरून. बाई." मग त्याने डोळे उघडले नाहीत, पण मान हळूहळू वळवली आणि रेशमू उभी होती तिकडे थांबवली. आजूबाजूची माणसं दोन पावलं मागे सरली.

रेशमू पोटावर हात ठेवून उभी होती. ती हसत नव्हती, रडतही नव्हती.

"चाची," खूबराम म्हणाला, "नाकात तुझ्या तोडीचं ह्या खोऱ्यात कुणी नाही. तू कधी खोटं सांगितलं नाहीस. देवापुढे सांग, हा वास कुणाचा?"

खीमी नऊ वर्षांची असताना ह्याच अंगणात, ह्याच दगडावर उभी होती. तिने मान ताठ केली. "भांगेचा," ती म्हणाली.

लोक कुजबुजले. इथे भांग कुणाला ओळखू येत नाही?

"माझ्या मुलाने मौनात घरात वाढवली होती. परदेशी बियाची. फळासारखा वास मारते ती. मौनातच मी विळा चालवला आणि घळीत टाकली, जाऊन बघा. वास तिचाच आहे. माझ्या सुनेचं अंथरूण त्या खोलीच्या वर आहे, म्हणून तिला लागलाय. दुसरं काही नाही." आणि तिने दोन्ही तळवे पुढे केले. पहाटे कणगीतलं कणीस काढून तिने ते हातांवर कोपरापर्यंत चोळलं होतं.

खूबरामने तिचा हात नाकाशी धरला. बराच वेळ धरला. "फळ," तो म्हणाला. मग पुन्हा हुंगून, "आणि खाली भांग. खरंच भांग." त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला तसा तो हरवलेली आई सापडलेल्या पोरासारखा दिसला. एकेक जण येऊन तिचे हात हुंगून गेला. रेशमूचे केस हुंगायचं कुणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तर खीमीने त्या माणसाचा गळा धरला असता.

तुलेरामला वर्षभर गावाबाहेर काढलं. तो भुंतरला गेला, तिकडेच रमला, आणि आईशी पुन्हा बोलला नाही. खीमीने मौनात विळा उचलला होता, म्हणून तिच्या हातचे पुले देवाच्या अंगणात बंद झाले. पंचेचाळीस वर्षांचं काम एका सकाळीत सुटलं. नंतर ती दोरखंड वळायची, गुरांचे, आणि विकताना ग्राहकाला चार शब्द जास्तच ऐकवायची.

फाल्गुनात रेशमू घरच्या चुलीपुढे बाळंत झाली. मुलगी झाली. सुईणीने ती खीमीच्या हातात दिली आणि हवा हुंगत म्हणाली, "कसला गं वास येतोय?"

खीमीने नातीच्या डोक्याला नाक लावलं. "दुधाचा," ती म्हणाली.

मुलगी वाढली, शाळेत गेली, झाडांवर चढली, इतर मुलींसारखीच. फक्त माघात आजी तिला नजरेआड होऊ द्यायची नाही. बेचाळीस दिवस ती आजीच्या अंथरुणात झोपायची. गावाने खीमीचं सांगणं इतकं मनावर घेतलं होतं की नंतर कधी वास आला तर लोक तुलेरामची जुनी खोली अजून वास मारते म्हणायचे.

अकरा वर्षांनी अशाच माघात खीमी अंथरुणाला खिळली. श्वास लागत होता, आणि तिला आता कशाचाच वास येत नव्हता. ती त्याचीच चौकशी करायची. "पोर कुठंय? हुंगून बघितलंस का?" रेशमू म्हणायची, बघितलं, ठीक आहे. एका दुपारी तिने रेशमूला जवळ बोलावलं. मौनाचे दिवस, म्हणून कान तोंडाशी न्यावा लागला.

"रेशमू, त्या दिवशी देवापुढे मी खोटं बोलले."

"माहीत आहे, अम्मा."

"कधीपासून?"

"मला तुमच्या आधीपासून येत होता. तुम्ही झाडं कापलीत त्या दिवसाच्याही आधी. झाडांचा वेगळा होता, हा वेगळा."

खीमीने मोठ्या कष्टाने मान वळवली. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही काय सांगता ते ऐकायला उभी होते," रेशमू म्हणाली. "जोगणी हाका मारत होत्या. मला वाट ठाऊक झाली होती. तुम्ही खरं सांगितलं असतंत तर मी आनंदाने गेले असते."

 खीमीने सुनेचं मनगट धरलं, आणि ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत ते सोडलं नाही.